पाच एमबीच्या वरचे बाबा

छापखान्यात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बावीस वर्षं ती आवक सांभाळत होती. आधी टपाल, मग फॅक्स, आता मेल. औषधाच्या खोक्यात घडी करून घालायच्या कागदापासून शाळेच्या वह्यांच्या मुखपृष्ठापर्यंत जे काही तिथं छापलं जाई, ते आधी तिच्या पेटीत पडायचं आणि तिच्या नजरेखालून मशीनवर जायचं. एका ओळीतली शाई किंचित फिकी असली तरी तिला ते दारातून दिसे.

या पेटीत नको ते किती येतं, ते तिलाच विचारा. शाईवाल्याचं रोजचं सुप्रभात, तेही फुलांसकट. यशस्वी होण्याचे सात मार्ग दर सोमवारी सांगणारा कुणी एक गुरू. कधीही न भरलेल्या स्पर्धेत पहिला नंबर आल्याबद्दल अभिनंदन. तिनं प्रत्येकासाठी एकेक फिल्टर लावला होता. मालकांच्या मेहुण्याचे विनोद तर थेट कचऱ्यात जात, आणि मेहुणा समोर आला की ती सरळ चेहऱ्यानं म्हणे, "परवाचा छान होता हो."

हळूहळू हा फिल्टर तिच्या बोलण्यातही शिरला होता. फोन उचलला की "मुद्द्याचं बोला." घरी नवरा काही सांगायला आला की आधीच विचारायचा, "जरा मोठं आहे, सांगू का?"

तर एका सोमवारी सकाळी पेटी गच्च भरली. औषध कंपनीची फाइल तीनदा परत गेली आणि कंपनीवाल्यानं मालकांना फोन करून चार शब्द सुनावले. मालक तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, आपल्याकडे मेल पोचत नाही म्हणे."

"बघते."

"शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर हे काम मी बाहेरच्या माणसाकडे देतो. तुम्ही बसा बांधणी खात्यात, पानं मोजत."

बावीस वर्षांनी पानं मोजत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीतले सगळ्यात जड मेल वर येतील असे लावले आणि तिनं कपाळाला हात लावला. पहिले चाळीसच्या चाळीस मेल एकाच माणसाचे होते. तिच्या वडिलांचे.

बाबा म्हणजे सरकारी मोजणीदार. चाळीस वर्षं जमिनी मोजल्या, आणि रोज कुठे काय मोजलं ते खिशात मावेल अशा वहीत लिहून ठेवलं. अशा एकसष्ट वह्या. त्यांचं पुस्तक करू, असं तिनंच एकदा बोलून ठेवलं होतं, स्कॅनरही तिनंच नेऊन दिला होता. बस्स, बाबा कामाला लागले. तिची घरची पेटी दोन महिन्यांत भरली, मग त्यांनी कार्यालयाचा पत्ता धरला. मुलगी छापखान्यात असते एवढंच त्यांना ठाऊक; तिथली आवक तीच बघते, हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं. पाच तासांच्या अंतरावर एकटे राहणारे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, रोज सकाळी नऊ ते बारा स्कॅन करत बसायचे.

तिनं तिथूनच फोन लावला.

"बाबा, पानं लहान करून पाठवा. रिझोल्यूशन दोनशेवर ठेवा. मी कागदावर लिहून दिलंय तुम्हाला."

"दोनशेवर पुसट येतं गं."

"इकडे नीट दिसतं."

"इकडे दिसत नाही. तुझं ते यंत्र बरोबर नाही."

"यंत्राला धाड भरलेली नाही, बाबा. तुम्ही आकडे बदलता. इथं माझी नोकरी जायची वेळ आलीय."

"ओरडू नकोस. मी सांगतोय, पुसट येतं."

"आणि कामाच्या वेळात फोन करत बसू नका. काय असेल ते लिहून पाठवा."

फोन तिनंच केला होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

आता इथे आडपडदा न ठेवता सांगून टाकायला हवं. म्हाताऱ्याचं यंत्र ठणठणीत होतं. बिघडत होती ती त्याची नजर, आणि पुढच्या चार आठवड्यांत त्या नजरेचं काय व्हायचं ते ठरणार होतं. ही गोष्ट त्याला कळली नव्हती आणि जिला कळायला हवी होती, ती फिल्टर लावत बसली होती.

फिल्टर तिनं नेहमीच्या सफाईनं लावला. पाठवणारा: बाबा. आकार: पाच एमबीच्या वर. आवकमध्ये न दाखवता थेट कचऱ्यात टाका. कचऱ्यातलं तीस दिवसांनी आपोआप कायमचं जातं, त्याआधी दर शुक्रवारी सगळी पानं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची, असं तिनं स्वतःला बजावलं. जुने चाळीस मेल तर तिनं लगेच उतरवून घेतले. पुस्तक करायचंच होतं हो तिला. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण राग डोक्यात होता. तिनं त्याच फिल्टरला एक ठरावीक उत्तरही जोडलं: "आपला मेल मर्यादेपेक्षा मोठा असल्यामुळे स्वीकारला गेलेला नाही. कृपया लहान आकारात पाठवावा. आवक विभाग." जड मेल आला की हे उत्तर आपलं आपण सुटणार.

पेटी मोकळी झाली. औषध कंपनीची फाइल पहिल्या झटक्यात आली. मालक शुक्रवारी टेबलावरून जाताना नुसतं "हं" म्हणाले, म्हणजे खूश होते.

दर रविवारी ती बाबांना फोन करायची. पहिल्या रविवारी बाबा म्हणाले, "तुझ्या कार्यालयाशी माझा पत्रव्यवहार चालू आहे." तिला वाटलं, टोमणा मारताहेत. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "तुमचा आवक विभाग फार तत्पर आहे. मिनिटाच्या आत उत्तर देतो." तिनं विषय बदलला. पुढच्या रविवारी त्यांना बोलायचा कंटाळा आलेला दिसला, आणि मनातल्या मनात तिला जरा बरंच वाटलं.

पानं उतरवून घ्यायचा शुक्रवार काही उगवला नाही. एकदा मशीन बंद पडलं, एकदा शाळेच्या वह्यांची घाई, एकदा ती विसरली. सत्ताविसाव्या दिवशी पडद्यावर सूचना आली की कचऱ्यातले जुने मेल तीन दिवसांत कायमचे जातील. शिव्या घालतच तिनं कचरा उघडला. नऊ-दहा पानं असतील, अर्ध्या तासाचं काम.

बाबांचे त्रेपन्न मेल होते.

आणि पान एकच. वही तीन, पान एकेचाळीस. पुन्हा पान एकेचाळीस. पुन्हा तेच. तिनं पहिल्यातलं एक उघडलं.

"जावक क्र. २. विषय: पान ४१. संदर्भ: आपला आजचा मेल. महोदय, आपला मेल मिळाला. त्यातील अक्षर फार बारीक असल्यामुळे मजकूर वाचता आला नाही. मोठ्या अक्षरात पाठवावा, ही विनंती. सोबत: पान ४१."

मग तिच्या ध्यानात आलं काय झालंय ते. सरकारी माणूस. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, उत्तराला जावक क्रमांक पडलाच पाहिजे, आणि ज्या कागदाबद्दल पत्र आहे तो कागद सोबत जोडलाच पाहिजे. कागद जोडला की मेल जड. मेल जड की फिल्टर त्याला कचऱ्यात ढकलणार आणि आपलं ठरावीक उत्तर पाठवणार. त्या उत्तराला बाबा पुन्हा उत्तर देणार, पुन्हा पान जोडून. जोडलं नसतं, तर मेल हलका होऊन सरळ तिच्या पुढ्यात पडला असता. सव्वीस दिवस तिचे वडील तिच्या फिल्टरशी अदबीनं पत्रव्यवहार करत होते.

"काय माणूस आहे हा," ती मोठ्यांदा म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली. तिला हसू येत होतं आणि डोकंही फिरलं होतं. किती हट्टी असावं माणसानं. एक फोन करायला काय झालं होतं. मग तिला आठवलं, फोन करू नका, लिहून पाठवा, असं कोण म्हणालं होतं.

मेलच्या आकाराच्या रांगेवर तिची नजर गेली तेव्हा ती हसायची थांबली. सहा एमबी. सहा. आठ. अकरा. सतरा. शेवटचे सगळे चोवीस, कारण त्याच्या पुढचं मेलमधून जातच नाही. तेच तळहाताएवढं पान, आणि म्हातारा दर दोन-तीन दिवसांनी रिझोल्यूशन वाढवत गेला होता.

"जावक क्र. १९. पान अजूनही पुसट येते. चष्मा पुसून पाहिला. यंत्राची काचही पुसली."

तिनं सोबतचं पान उघडलं. लख्ख होतं. निळ्या शाईतले आकडे, पेन्सिलीनं काढलेली बांधाची रेघ, कागदाचे तंतूसुद्धा मोजता आले असते.

"जावक क्र. ३४. आपले यंत्र पानाची उजवी बाजू कापते. आज निम्मेच पान आले."

पान पूर्ण होतं. चारही कडा होत्या. उजव्या कडेला बाबांची सहीसुद्धा होती.

ती खुर्चीत मागे टेकली. फिकी शाई दारातून ओळखणारी बाई, आणि आपल्या बापाला दिसेनासं झालंय हे तिला आधी फोनवर कळलं नाही आणि मग कचऱ्यात वाचावं लागलं. तिला स्वतःची शरम वाटली. शेवटचा मेल आदल्या दिवशीचा होता. बाबा टंकलेखनाची परीक्षा पास झालेले, बोटांना कळफलक पाठ, म्हणून शब्द सगळे जागच्या जागी होते.

"जावक क्र. ५३. कालपासून उजवीकडचे काहीच येत नाही. डावीकडचे धुरकट येते. यंत्र बदलून मिळावे. आपणांस कामे असतील याची जाणीव आहे. सवडीने कळवावे."

तिनं आधी फिल्टर काढून टाकला, मग पर्स उचलली. मालक दारात भेटले.

"बाई, कुठे निघालात? अकराला औषधवाले येताहेत."

"माझ्या वडिलांना दिसत नाहीये," ती म्हणाली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नेत्रतज्ज्ञांच्या खोलीत बसली होती. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दिव्यानं पाहिलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, तो निघेल, तो डोळा वाचेल. उजव्या डोळ्याच्या मागचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया आजच करू, पण त्या डोळ्यानं पुन्हा वाचता येईल असं मी सांगणार नाही, त्या म्हणाल्या.

"लगेच आला असतात तर गोष्ट वेगळी होती. हे कधीपासून होतंय, आजोबा?"

"नक्की तारखा कार्यालयाकडे मिळतील," बाबा ताठ बसून म्हणाले. "मी वेळोवेळी लेखी कळवलेलं आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"पुसट दिसतंय त्याला महिना झाला," ती म्हणाली. "उजवी बाजू जाऊन अकरा दिवस."

बाहेर बाकावर दोघं नंबर लागायची वाट पाहत बसली. बाबांनी तिचा हात चाचपून धरला. हा माणूस कुणाचा हात धरणाऱ्यातला नव्हता.

"एक सांगू? मोठं आहे जरा."

"सांगा ना बाबा. कितीही मोठं असू दे."

"तुमच्या आवक विभागात तो जो कोणी बसतो ना, त्याची मालकांकडे तक्रार कर. एकच उत्तर छापल्यासारखं पाठवतो. माझं एक पत्र त्यानं वाचलं असेल असं मला वाटत नाही."

तिला वाटलं, गप्प बसावं. म्हाताऱ्याला कुठे कळणार होतं? पण तिच्यानं राहवलं नाही.

"बाबा, तिथं मीच बसते."

बाबांनी समोरच्या भिंतीकडे तोंड वळवलं. हात मात्र त्यांनी सोडला नाही.

"तू होय," ते म्हणाले. "मग अक्षर जरा मोठं काढायचं होतंस."