सोमवारची काच

सोमवारी सकाळी आमच्या कॉलेजचं ग्रंथालय उघडायला गेलो, की खिडकीच्या काचेवर कपाळाचा ठसा दिसायचा, आणि दोन्ही बाजूंना तळव्यांचे. मी फडक्यानं पुसून टाकायचो. तो कुणाचा, हे मला माहीत होतं. मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या वर्गाला पाड्यावरून येणाऱ्या अंगणवाडीच्या सुमनबाईंचा. रविवारी ग्रंथालय बंद, म्हणून त्या पुस्तकं बाहेरूनच बघायच्या.

एकदा बसस्टँडवर त्यांनी मला गाठलंच. "सर, तासभर उघडा ना. आम्हाला हाच एक वार मिळतो."

"नियमात बसत नाही, बाई."

"मग पुस्तकांनाच सांगा, सोमवारी आमच्या पाड्यावर या म्हणून." त्या हसल्या. मीही हसलो.

खरं सांगतो, तसा नियम नव्हता. किल्ली माझ्याच खिशात असायची. मला दुपारची झोप हवी होती, एवढंच. बाकीचे सहा दिवस मी दार उघडून बसायचो, तेव्हा पोरं पंख्याखाली गप्पा मारायला यायची.

"न वाचता काय लिहू?" असं वर्गावरच्या सरांना सांगून सुमनबाई परीक्षेला बसल्याच नाहीत. पुढे वर्गालाही आल्या नाहीत.

आता मी रविवारी उघडतो. चार-पाच जण येऊन वाचत बसतात. सोमवारी मात्र कुलूप काढण्याआधी मी काचेकडे बघतो. ती स्वच्छ असते.