उज्ज्वलाचे हात
ठिकठिकाणच्या कापड कामगारांनी भरलेल्या डिंडोलीत आमच्या गल्लीत इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या पाट्या ढिगाने आहेत. पण जिथली पोरं खरोखर इंग्रजी बोलू लागतात अशी पाटी एकच, ती उज्ज्वलाची. शेजारी म्हणून कौतुक करतोय असं समजू नका. महापालिकेच्या मराठी शाळेत मी हयात घालवली आहे, शिकवणं कशाला म्हणतात ते मला कळतं.

तिच्या वर्गात एक पोरगं ओडिया बोलतं, दुसरं हिंदी, तिसरं आमची अहिराणी. उज्ज्वला कुणालाच भाषांतर करून सांगत नाही. हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी सांगते आणि पोरांना कळतं. ही विद्या बी.एड.ला मिळालेली नाही, ती बापाकडून आली. दगाभाऊ उधन्याच्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतात. तिथल्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. दोन बोटं जोडून फटकन वेगळी केली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की शेठ आला. पोरगी जन्मायच्या आधीच दगाभाऊंचे कान पार मंदावले, तेव्हा घरातही हीच बोली सुरू झाली. उज्ज्वला तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली.

यंदा व्हिएतनाममधल्या एका शाळेने तिला मुलाखतीला बोलावलं. लॅपटॉपवरच, पण नमुना धडा घेऊन दाखवायचा होता. परदेशात शिकवायचं हे तिने कॉलेजात असल्यापासून मनाशी धरलं होतं. "मला नाही घेणार तर कुणाला घेणार, सर?" असं ती मला सरळ म्हणाली. असा तोरा मला आवडतो.

बिघडवलं ते योगेशने, तिच्या थोरल्या भावाने. हा कापड मार्केटमध्ये साड्या पॅक करतो आणि फावल्या वेळात मोबाइलवर मुलाखतीचे व्हिडिओ बघून जगाचा गुरू झालेला आहे. त्याने तिला पढवलं: पाठ ताठ, हसू बेताचं आणि हात टेबलावर एकावर एक, हलवायचे नाहीत. हात हलवणारा माणूस घाबरलेला दिसतो म्हणे!

"अरे, तिचे हात म्हणजे तिचा फळा आहे," मी म्हणालो.

"सर, तुमचा जमाना गेला," योगेश म्हणाला.

सुभद्रावहिनींची, म्हणजे उज्ज्वलाच्या आईची काळजी वेगळीच. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तू तठे जाशी ते जाशी. पन तुन्हा बाप फोनवर तुन्हं बोलनं आयकी कसं?" उज्ज्वला तव्यावरची भाकरी उलटू लागली.

मुलाखतीच्या दिवशी भिंतीवरचा सप्तशृंगीचा फोटो काढावा की ठेवावा यावरून मायलेकांचं वाजलं. फोटो राहिला. मी आणि दगाभाऊ लॅपटॉपच्या मागे खाटेवर बसलो. खोकायचं नाही, असा योगेशचा हुकूम होता.

सुरुवातीचे प्रश्न उज्ज्वलाने सहज झेलले. मग पडद्यावरची बाई म्हणाली, "आता मी सात वर्षांची मुलगी आहे. मला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. शिकवा."

उज्ज्वलाने हात टेबलावर घट्ट ठेवून पुस्तकी वाक्य म्हटलं. बाई नुसती बघत राहिली. उज्ज्वलाने तेच वाक्य सावकाश म्हटलं. बाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. उज्ज्वलाचा आवाज बारीक होत गेला. पोरीची नोकरी डोळ्यांदेखत चालली होती.

दगाभाऊंना ऐकू काहीच येत नव्हतं, पण पोरीचा चेहरा दिसत होता. त्यांनी हात वर केला, दोन बोटं जोडली आणि फटकन वेगळी केली.

धागा तुटला. आता लूमवाला रडत बसतो का? थांबतो, टोक शोधतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो.

उज्ज्वलाला खुदकन हसू आलं. तिने हात सोडवले, ओढणीच्या काठातून एक धागा ओढला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्याचं नाव सांगितलं. मग तो तोडला आणि बापासारखीच दोन बोटं जोडून फटकन वेगळी केली. तोंड एवढंसं केलं. 'तुटला'ला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगितलं. गाठ मारली, भुवया उंचावल्या, तिसरा शब्द दिला. तिकडे बाईने आपली दोन बोटं जोडली, वेगळी केली आणि लहान मुलीसारखा तो शब्द मोठ्याने म्हटला. पुढे धडा असा रंगला की बाई वेळ संपल्याचं विसरली. योगेश स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत बसला.

निवड झाल्याची मेल आली तेव्हा दगाभाऊ पाळीवर होते. फोन करून उपयोग नव्हता. उज्ज्वलाने मला स्कूटीवर बसवलं आणि उधना गाठलं. कारखान्याच्या दारातूनच तिने दोन्ही हात उंचावले, छातीवर थाप मारली आणि तळहाताचं विमान करून उडवलं. ओळीतले सगळे कारागीर हसले. दगाभाऊंनी लूम बंद केली. धागा शाबूत असताना लूम बंद करणारा हा माणूस नव्हे.

बाहीने त्यांनी डोळे पुसले. मग बोटाने हवेत मोबाइलएवढा चौकोन काढला. आपल्या डोळ्यांकडे बोट केलं. दोन्ही हात उचलून हवेत हलवून दाखवले, अगदी उज्ज्वला वर्गात हलवते तसे. शेवटी सूर्य उगवतो तशी मूठ खालून वर नेली, पुन्हा नेली, पुन्हा नेली. रोज. फोनवर ऐकणार कसं, या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर ते केव्हाचे शोधून बसले होते.

उज्ज्वला जोरजोरात होकाराची मान हलवत राहिली.