सुदामच्या दारातला फ्लेक्स

मित्रांनो, आत्ताच पूर्णेहून परत आलोय आणि डोकं अजून ठिकाणावर नाही. आपल्या जाहिरातकलेच्या वर्गातला सुदाम गेला, हे तुम्हाला ग्रुपवर कळलंच आहे. आज त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बॅचमधून मी एकटाच पोचलो.

दारात भलामोठा फ्लेक्स. फोटो ताणून रुंद केलेला, नावाची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली.

आठवतं ना, सत्तरच्या दशकात कॉलेजात सर आपला लेटरिंगचा कागद उलटा धरायचे? शब्द वाचता आला नाही, की अक्षरांमधली जागा खरी दिसते म्हणायचे. उलटासुद्धा देखणा दिसायचा तो एकट्या सुदामचा कागद. पुढं पूर्णेतल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यानंच रंगवल्या. आज स्टेशनपासून बघत गेलो, एकही दिसली नाही.

सवयच ती. त्या फ्लेक्ससमोर मी कमरेत वाकलो आणि मान उलटी करून बघायला लागलो.

सुदामचा मुलगा धावत आला. "काका, चक्कर यायलीय का? बसा, पाणी आणतो."

"फ्लेक्स कुणी केला रे?"

"मीच की. आपलंच फ्लेक्सचं दुकान हाय. लय घाई झाली, पण चांगला झालाय ना?"

त्याचे डोळे रडून सुजले होते.

"चांगला झालाय," मी म्हणालो. "मला चक्करच आली होती."

आपण गेल्यावर आपल्या नावाकडं असं उलटं वाकून बघायला कोण उरणार आहे, सांगा?