पैठणीच्या आतला पिनाफोर

2007च्या एप्रिलमध्ये आमच्या कात्रपच्या घरात लेकीच्या लग्नाची खरेदी निघाली, आणि माझ्या कमरेवर नागीण निघाली...

महिन्यापूर्वीच पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. आधी वाटलं टाकेच दुखतायत, मग उजव्या कमरेवर फोडांचा पट्टा उठला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने अंग खचलं की लहानपणीच्या कांजिण्या अशा डोकं वर काढतात. गोळ्या दिल्या.

सासूबाईंचा गोळ्यांपेक्षा दोऱ्यावर विश्वास. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे रोज चहा झाला की, "मंगल, हात वर कर," आणि त्या दोऱ्याने तोंड-शेपटामधलं अंतर मोजायच्या. मग गॅलरीतून जाहीर करायच्या, "अजून दोन विती आहे गं!" जिन्यात शेजारणी मला तब्येत विचारत नसत, "आज किती?" असं विचारत...

फोड सुकले, पण ठणका राहिला. नस दुखावली होती. पंख्याचा वारा लागला तरी वाटायचं, कोणी इस्त्री टेकवतंय. घरभर मी गाऊन दोन बोटांनी कमरेपासून दूर धरून फिरायचे.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि मला रडू कोसळलं. आईची पैठणी नेसून लेकीचं कन्यादान करायचं, एवढी एकच हौस होती. पण साडी म्हणजे परकर, परकर म्हणजे नाडी, आणि नाडी नेमकी नागिणीच्या पाठीवर!

ब्लाऊज आणायला उल्हासनगरला आमच्या सिंधी टेलरकाकांकडे गेले. म्हटलं, मी पंजाबी ड्रेसच घालीन. त्यांनी चष्मा काढला. "लडकी की माँ ड्रेस में? ना साईं! भाभी, नाडी को मारो गोली. कंधे से लटकाओ!"

आणि खडूने टेबलावर त्यांनी चित्र काढलं. खांद्यावर दोन पट्टे, कमरेला सैल, खाली घोळ... अहो, तो तर माझा शाळेचा पिनाफोर होता! सिस्टर आम्हाला गुडघ्यांवर बसवून त्याची लांबी तपासायच्या. दुकानात माझे गुडघे आपोआप वाकले.

लग्नाच्या सकाळी सासूबाईंनी तो बघितला. "हे काय, शाळेत चाललीस का?" म्हणाल्या. पण मग तोंडात पिना धरून त्यांनीच पैठणीची एकेक निरी त्या पिनाफोरला टाचली. दोन तास मी कन्यादानाला ताठ बसले. सगळा भार खांद्यांवर!

पाठवणीला मात्र घाबरले. आत्या-मावश्या रडत येऊन नेमक्या कमरेलाच मिठी मारत होत्या. मी "आई गं" म्हणून कळवळायचे, त्यांना वाटायचं, लेकीसाठी जीव तुटतोय...

शेवटी लेक आली. डोळे वाहत होते, शालू पायात येत होता. तरी माझ्यासमोर आल्यावर ती क्षणभर थांबली. मला वळसा घालून डाव्या बाजूला आली, आणि तिथून मला घट्ट धरलं.

त्या दिवशी तोवर मी एकदाही रडले नव्हते. मग मात्र फोटोग्राफरला थांबावं लागलं...