साहेबांपुरती विलायती नर्स

मैत्रिणींनो, आजचंच सांगते. विलायतेत नर्सिंग शिकून मी आपल्या चांद्याच्या दवाखान्यात लागले, पण मोठ्या सिस्टरबाई मला नुसत्या पट्ट्या गुंडाळायला बसवतात. "तिकडचं तिकडं. इथी मी सांगीन तेच," हे रोजचंच.

आज नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले. बाईंनी लगबगीनं इंजेक्शनची पिचकारी माझ्या हाती दिली. "साहेब, ही आमची विलायतेत शिकलेली नर्स!"

मी एका म्हातारीला इंजेक्शन दिलं. साहेब खूश होऊन निघाले. जीप फाटकाबाहेर पडताच बाईंनी पिचकारी काढून घेतली. "जा, पट्ट्या राह्यल्या."

म्हातारी मला म्हणाली, "काऊन वो बाई, साहेब गेला तं तुमचं शिकणंबी गेलं का?"

सांगा, या सिस्टरबाईंकडून मी काय शिकायचं, लाचारी सोडून?