लाल टाकीला घातलेला हार

आमच्या शाळेच्या हेडसरांची बदली मी करवली. गावात अजून म्हणतात, वरून ऑर्डर आली. ऑर्डर वरून आली हे खरं, पण वरच्यांचे डोळे कुणी उघडले ते मला माहीत आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. वय झालं की माणूस मऊ होतो म्हणे. माझं वय झालं, मी मऊ झाले नाही.

शाळा म्हणजे निपाणीजवळच्या आमच्या गावातली सरकारी मराठी शाळा. मी तिथंच चौथीपर्यंत शिकले. मग तंबाखूच्या वखारीत गेले, आणि पुढं त्याच शाळेत बिशीऊट शिजवायला लागले. पोरांच्या दुपारच्या गरम जेवणाला इकडं बिशीऊट म्हणतात. साठ झाली तेव्हा सरकारनं मला घरी बसवलं आणि माझ्या जागी माझी सून लागली. सुनेचं आणि माझं पटत नाही. ती सांबार पातळ करते, उलट बोलते आणि भांडी आपटते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारीनं मायेनं केलं. मायेनं केलं नाही. रागानं केलं.

हेडसर दिसायला नीटनेटके. खिशाला दोन पेनं, केसाला तेल. शाळेत काही धोक्याचं निघालं की ते आधी मोबाईल काढायचे. चौथीच्या वर्गाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, तर त्यांनी तिच्यावर कर्नाटकाचा मोठा नकाशा लावला आणि पोरांना नकाशापुढं उभं करून फोटो काढला. मुतारीत साप निघाला, तर मुतारीला कुलूप घातलं आणि दारावर पाटी लावली, ‘स्वच्छता राखा’. पोरं लघवीला सापाच्या बाजूलाच, पण कुंपणाबाहेर जाऊ लागली. भेग बुजली नाही, साप मेला नाही. मोबाईलात मात्र सगळं ठीक होतं.

सून लागली त्याच वर्षी शाळेला आग विझवायची लाल टाकी आली. हेडसरांनी ती स्वयंपाकघराच्या बाहेर, व्हरांड्यात टांगली. पिन ओढायची आणि दांडी दाबायची, एवढंच काम. एका माणसानं येऊन दाखवलंही होतं. सुनेनं पिन ओढून, परत घालून बघितली होती.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ट्रॅक्टर, विळा, शिलाई मशीन, एसटीची बस, जे काम करतं त्याला हळदीकुंकू आणि हार. शाळेत घंटेची, कॉम्प्युटरची, गॅसच्या शेगडीची पूजा होते. लाल टाकी नवीन, म्हणून तिचा मान पहिला. आदल्या वर्षी कॉम्प्युटरचा हार आरती चालू असतानाच गळून खाली पडला होता आणि हेडसरांना तो अपशकुन वाटला होता. म्हणून या खेपेला त्यांनी पक्कड आणली. झेंडूचा हार टाकीच्या गळ्यात घातला आणि बारीक तारेनं दांडीसकट, पिनसकट पाचसहा वेढे देऊन पिळून टाकला. हार काही पडणार नव्हता. पूजेचा हार आपण काढत नाही, वाळून आपोआप गळेपर्यंत राहू देतो. तारेत पिळलेला हार गळत नाही. फुलं वाळून काळी झाली, तार तशीच राहिली.

त्या आधीपासून गॅसची नळी खराब होती. सूनबाईंनी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी मी तिथंच होते.

“सर, वास येतोय. नळीला चिरा पडल्यात.”

“अर्ज द्या. कन्नडात द्या. मराठी अर्ज वर चालत न्हाय.”

“वास कन्नडात येत न्हाय, सर. नळी बदला,” मी म्हटलं.

“मावशी, तुमची नोकरी संपली. तुम्ही घरी बसा, नातवंडं सांभाळा.”

दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरा दिवसांत नळी पेटली. पोरं ताटं घेऊन व्हरांड्यात ओळीनं बसली होती. माझं घर शाळेपासून चार घरं सोडून. काळा धूर दिसला तशी मी धावले, म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तेवढी धावले. फाटकाला कुलूप होतं. आत हेडसर उभे, किल्ली हातात.

“उघडा, सर! माझी सून आत हाय!”

“काय न्हाय मावशी. फोडणी करपली.”

“फोडणीचा धूर मला शिकवू नका. पोरांना तरी बाहेर सोडा!”

“पोरं वर्गात घातलीत. सगळं कंट्रोलमधी हाय. गर्दी करू नका, लोकांना बोलवू नका.”

शंभरावर पोरं आत, गॅसची टाकी आत, आणि फाटकाला कुलूप. का, तर गावानं बघू नये. मी फाटकाच्या गजातून हात घालून त्यांचा शर्ट धरला. शर्टाची गुंडी तुटून माझ्या हातात आली. ती गुंडी अजून माझ्या डब्यात आहे.

आत काय झालं ते नंतर कळलं. तिसरीच्या बाईंनी लाल टाकी उचलली, दोन्ही हातांनी पिन ओढून बघितली, दातांनी तार तोडायला बघितली. पिन आली नाही. तेवढ्यात सुनेनं तांदळाचं रिकामं पोतं पाण्यात बुचकळून जाळावर टाकलं आणि पोत्याखाली हात घालून सिलिंडरचा कॉक बंद केला. आग विझली. एकाही पोराला चटका बसला नाही. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दवाखान्यात हेडसर केळी घेऊन आले. बरोबर कन्नडात लिहिलेला कागद. माझ्या मुलाला म्हणाले, “मदतीचा अर्ज हाय, बायकोच्या वतीनं तू सही कर. तिचं हात बांधल्यात.” आमच्या घरात सगळे मोडकंतोडकं कन्नड बोलतात, वाचता एकालाही येत नाही. मुलानं सही केली. मी त्या वेळी चहा आणायला गेले होते. तो चहा मला आयुष्यभर पुरेल.

महिन्याभरात पोस्टानं पत्र आलं. गावातल्या कन्नड शाळेच्या बाईंनी वाचून दाखवलं. स्वयंपाकिणीनं निष्काळजीपणानं नळी ओढली, आग विझवायची टाकी चालू असून शिकवल्याप्रमाणं वापरली नाही, हे तिच्या घरच्यांनी सही करून मान्य केलं आहे, म्हणून तिला कामावरून कमी केलं आहे. आणि पुढं, हेडसरांच्या प्रसंगावधानामुळं मुलं वाचली.

वाचता वाचता त्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. माझी सून बांधलेले हात मांडीवर घेऊन बसली.

त्यानंतर गावात विहिरीवर, पिठाच्या गिरणीत तेच. “हिनं पोरं जाळायला काढलीती की गं.” माझ्या नातीला वर्गात चिडवायला लागले. ती शाळेला जाईना. सून घराबाहेर पडेना. एक दिवस म्हणाली, “आत्या, मला खरंच वाटाय लागलंय, मीच नळी ओढली असंल.” सासूला इकडं आत्या म्हणतात. मी तिला म्हटलं, “तोंड बंद कर आणि जेव.” मग मी उठले.

तिसरीच्या बाईंच्या घरी गेले. त्यांनी तारेचं सगळं सांगितलं, दात दुखावला होता तोही दाखवला. पण हात जोडले. “मावशी, माझं नाव घेऊ नका. नवीन नोकरी हाय. मला कुठंतरी घाटाखाली टाकतील.” मी म्हटलं, घेणार नाही. टाकीवर आता तार नव्हती. आग विझल्यावर हेडसरांचं पहिलं काम तेच झालं होतं. म्हणजे बोलणारं माणूस नाही, दाखवायला वस्तू नाही.

पण हेडसरांना फोटोचा नाद होता. मी नातीला म्हटलं, तुमच्या शाळेच्या ग्रुपवर खंडेनवमीचे फोटो असतील, काढ. सोळा फोटो होते. नवव्या फोटोत हेडसर हसत कॅमेऱ्याकडं बघतायत, एका हातात पक्कड, दुसऱ्यात लाल टाकीचा गळा, आणि तार चमकतेय. खाली त्यांनीच लिहिलं होतं, ‘सुरक्षिततेची पूजा’. देवानं दिलं तरी इतकं नीट दिलं नसतं.

मुलगा म्हणाला, लगेच घेऊन निपाणीला ऑफिसात जाऊया. मी म्हटलं, न्हाय. ऑफिसात कागद जातो आणि कागदाखाली कागद जातो. थांबायचं.

मला फार थांबावं लागलं नाही. सव्वीस जानेवारीला तालुक्याचे शिक्षणाधिकारी येणार, आणि मुलांचे प्राण वाचवल्याबद्दल हेडसरांचा सत्कार, असं पत्रक निघालं. मी निपाणीला स्टुडिओत गेले. एका चौकटीत दोन फोटो बसवून घेतले. डावीकडं पुरा फोटो, उजवीकडं नुसती पक्कड आणि तार, ताटाएवढी मोठी. वर चकचकीत कागद गुंडाळून फीत बांधली. स्टुडिओवाला म्हणाला, “लग्नाचा आहेर वाटतं?” मी म्हटलं, “व्हय, तसंच काहीतरी.”

सत्काराला गाव ओळीनं जातं. शाल, नारळ, फेटा, आणि कुणी फोटो फ्रेम देतं. फ्रेम दिली की पाहुण्यांच्या हातून उघडायची आणि सगळ्यांना दिसेल अशी धरायची, ही आमच्याकडची रीत. मी धुवट लुगडं नेसून ओळीत उभी राहिले. सुनेला ओढून आणलं होतं, तिला झाडाखाली बसवलं. मला स्टेजवर बघून हेडसरांना वाटलं, म्हातारी नमली. म्हणाले, “या या मावशी! झालं गेलं विसरून आल्या बघा, साहेब.”

साहेब धारवाडकडचे, कन्नड बोलणारे. त्यांनी फीत ओढली, कागद फाडला, फ्रेम गावाकडं करून धरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या मोडक्या कन्नडात म्हटलं, “सार, बलक नोड्री,” म्हणजे उजवीकडं बघा, आणि त्या बाजूच्या फोटोवर बोट ठेवलं. मग माईकजवळ तोंड नेऊन मराठीत म्हटलं, “हीच ती करपलेली फोडणी, सर.”

टाळ्या थांबल्या. साहेबांनी फ्रेम वळवली, चष्मा वर केला, परत खाली केला.

“इदेन्री, हे काय, हेडमास्टर? पिनला तार कुणी बांधली?”

“साहेब, पूजा... भक्तिभाव...”

“आगीच्या दिवशी तार होती?”

“न्हाय साहेब. आधीच काढलीती.”

साहेबांनी टाकी मागवली. गळ्याभोवती लाल रंग खरवडून वेढ्यांच्या पांढऱ्या रेघा पडल्या होत्या, आणि दांडीखाली वाळक्या झेंडूची एक पाकळी अजून अडकलेली होती. साहेबांनी विचारलं, “त्या दिवशी पिन कुणी ओढली?” मी तोंड उघडलं नाही. शब्द दिला होता. मग शिक्षकांच्या ओळीतून तिसरीच्या बाई उभ्या राहिल्या. “मी, सर. दातांनीसुद्धा.”

साहेब म्हणाले चौकशी करतो, लेखी कळवतो. मी म्हटलं, “चौकशी तुमची तुम्ही करा. पोरांचा जीव कुणी वाचवला ते आत्ता सांगा. इथंच. ह्याच माईकवर. आणि मराठीत, म्हणजे आम्हाला कळंल.” साहेबांनी हेडसरांकडं बघितलं. हेडसरांनी माईक घेतला. “आग... स्वयंपाकीण बाईंनी विझवली. त्यांची चूक नव्हती.”

“ऐकू आलं न्हाय,” मी म्हटलं.

त्यांनी परत म्हटलं. खांद्यावरची शाल एका बाजूनं सरकली होती आणि ती सावरायला दुसरा हात रिकामा नव्हता, नारळ होता. मी तेवढं सगळं बघून घेतलं. नजर काढली नाही.

चौकशी झाली, नळीचं निघालं, कुलपाचं निघालं, दवाखान्यातल्या सहीचंही निघालं. हेडसरांना पार लांब, नंदगडच्या बाजूला टाकलं. सून परत कामाला लागली. नवीन बाई हेड म्हणून आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नकाशा काढून भेग बुजवली आणि फाटकाची एक किल्ली माझ्या घरी आणून दिली. “मावशी, तुमचं घर जवळ. काही दिसलं तर मला विचारायला थांबू नका.” किल्ली गुंडीच्या डब्यात आहे.

मागं एकदा निपाणीच्या बाजारात हेडसरांची बायको भेटली. डोळ्यांत पाणी. “तुमच्यामुळं आमचं घर दोन ठिकाणी झालं, मावशी. मुलीची शाळा मोडली.” मी म्हटलं, “माझ्या नातीची पण मोडलीती.” आणि मेथीची जुडी निवडायला लागले. मेथी चांगली होती.

ती फ्रेम साहेबांनी चौकशीनंतर परत दिली. आमच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या खिळ्याला आहे. सून म्हणते, “आत्या, काढा की आता. रोज भाकरी थापताना ते तोंड दिसतंय.” तिची बोटं अजून पुरती वळत नाहीत, भाकरी एका बाजूला जाड होते. मी तिला त्याबद्दल बोलते आणि ती मला उलट बोलते.

फ्रेम मी काढलेली नाही. खंडेनवमीला घरातला विळा, कोयता, पाटावरवंटा मांडते, तेव्हा तीही खाली उतरवते. काचेला हळदीकुंकू लावते, झेंडूचं एक फूल ठेवते. नुसतं ठेवते, बांधत नाही. पूजा झाली की परत खिळ्याला.