पाबासाच्या पानावर लाल काट

वर्ग भरलेला होता. एम.ए.ची मुलं, चाळीसेक. मी फळ्यावर 'फिलिपिन्स' लिहून त्याखाली रेघ ओढली होती आणि बोलायच्या तंद्रीत होते. मागच्या दाराने आमचे विभागप्रमुख आत आले आणि शेवटच्या बाकापाशी हाताची घडी घालून उभे राहिले.

मी पाबासाबद्दल सांगत होते. स्पेनची सत्ता असताना फिलिपिन्समध्ये येशूच्या छळाची कथा लोकांच्या भाषेत, पद्यात छापली गेली. पाद्र्यांची परवानगी घेऊन. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत लोक ती घराघरात मोठ्याने गाऊन वाचायचे. एक थकला की दुसरा. दिवसभर, कधी रात्रभर. त्या वाचनाला तिकडे पाबासा म्हणतात. पाद्र्यांना वाटलं, लोक यातून निमूट सोसायला शिकतील. आणि लोकांना त्यात कोण दिसला? गरिबाघरचा मुलगा. साहेबापुढे उभा केलेला, फोडून काढलेला, तरी आपलं म्हणणं न सोडणारा.

मुलं ऐकत होती. म्हणून मी म्हटलं, "हे लांबचं वाटून घेऊ नका. आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. मी नऊ वर्षांची असल्यापासून तिथे वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्या बाया माझ्या चुका काढायच्या..."

सर पुढे आले. माझ्या हातातले कागद त्यांनी ओढून घेतले. खिशातून लाल पेन काढलं, टेबलावर वाकले, आणि विहाराच्या चार ओळींवर आडवी काट मारली. सगळ्या वर्गासमोर. सावकाश.

"मॅडम, हा वाङ्मयाचा वर्ग आहे. तुमची वस्ती इथे आणू नका."

मुलं हसली.

"तुम्हा लोकांना जिथे तिथे तेच दिसतं. पुढच्या तासापासून नोट्स आधी मला दाखवायच्या. माझी सही असेल तरच वर्गात जायचं."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो सर."

आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. त्यांनी काट मारली म्हणून नव्हे. मी 'हो' म्हणाले म्हणून. तेही इतक्या पटकन, जणू तोंडात तयारच ठेवलेलं होतं.

होतंच तयार. सात वर्षं मी उल्हासनगरच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जितके तास तितकेच पैसे, दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, आणि मुलाखतीच्या टेबलापलीकडे हेच सर. नेट झालेली, पीएचडी सुरू, तरी दर जूनमध्ये नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. नोकरी टिकवायची तर जीभ आवरायची, हे मी आपलं आपण शिकले होते. कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग सुरू झाली ती सहीची परेड. तासाआधी अर्धा तास त्यांच्या केबिनच्या दारात उभं राहायचं. आत दोन खुर्च्या रिकाम्या. "बसा" कधी नाही. विभागात आम्ही पाच जण शिकवायचो. बाकी चौघांपैकी एकाचाही कागद कधी तपासला गेला नाही. एक महाशय तर वीस वर्षं जुन्या पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवायचे, चुकांसकट. त्यांना कुणी हटकलं नाही. मी मात्र पहिलीतल्या पोरीसारखी कागद पुढे करायची. सर वाचायचे, काट मारायचे, बाजूला 'अनावश्यक' लिहायचे, आणि खाली लफ्फेदार सही. सहीच्या वर एकच शब्द: 'तपासले'.

तीन आठवडे हे चाललं. मला वाटायचं, जाऊ दे, चार ओळींनी काय बिघडतं. पण एका संध्याकाळी घरी मी सगळी सही झालेली पानं एकापुढे एक मांडली, आणि काय उरलंय ते सलग वाचलं. डोकं सुन्न झालं. त्यात पाद्री होते. चर्चं होती. शाळा होत्या. पाद्र्यांनी छापखाना आणला, पाद्र्यांनी व्याकरण लिहिलं, पाद्र्यांनी भाषा जपली. लोक कुठेच नव्हते. स्पॅनिश यायच्या आधी त्या लोकांची स्वतःची लिपी होती, बांबूवर आणि पानांवर ते लिहायचे. काट. आपल्या गावातलं दुःख थेट लिहायची सोय नव्हती, म्हणून कवी लांबच्या राजा-राण्यांच्या कथा रचायचे आणि ऐकणाऱ्यांना बरोबर कळायचं की ही आपलीच गोष्ट आहे. काट. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे हात तिथल्याच माणसांचे होते. त्याच्यावर तर दोनदा काट.

आणि मग ते पान हाताला लागलं. त्यावर मी लिहिलं होतं: त्या काळच्या तिथल्या पुस्तकांत मजकुराच्या आधी परवानग्यांची पानं असायची. अमक्या पाद्र्याने वाचलं, तमक्या अधिकाऱ्याने पाहिलं, धर्माला बाधक असं यात काही नाही. तपासणाऱ्यांची नावं, हुद्दे, सगळं ठळक. पुस्तकासाठी राबलेल्या माणसाचं नाव मात्र पुष्कळदा कुठेच नाही.

या परिच्छेदावर लाल काट होती. बाजूला 'अनावश्यक'. खाली 'तपासले', आणि सही.

मी मोठ्याने हसले. हसता हसता रडायला आलं. च्यायला, सरांनी माझा धडा माझ्यापेक्षा चांगला शिकवला होता.

आई भाजी निवडत होती. तिला अक्षरं जुळवून वाचता येतं, पण लाल शाई लगेच ओळखता येते. "ह्ये काय गं? नापास झालीस का काय?"

मी सगळं सांगितलं. वर्गातलं, वस्तीचं, सहीचं. ती मेथी खुडता खुडता ऐकत होती. आईने सतरा वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला काम केलंय. ती म्हणाली, "सुटताना गेटवर आमचे डबे उघडायला लावायचे. आम्हा बायांचेच. सुपरवायझरची बॅग तशीच जायची."

"मग तू काय केलंस?"

"एक दिवस निम्मं जेवण ठेवलं डब्यात. वॉचमन म्हणला, उघड. मी तिथंच गेटात मांडी घालून बसले, डबा उघडला आन् जेवले. सगळी शिफ्ट माझ्यामागं खोळंबली. साहेब आला. म्हणलं, साहेब, बघायचंय ना? बसा, खाताना पन बघा."

"काढलं असेल तुला कामावरून."

"आठ दिवस घरी बसवलं. मंग घेतलं. पर माझा डबा पुन्हा कुनी उघडला न्हाई." तिने जुडीचे देठ बाजूला सारले आणि माझ्याकडे बघितलं. "तुझं तर येगळंच. तू सोताहून डबा उघडून दारात उभी ऱ्हातीस."

मला तिचा राग आला. खरं सांगते, खूप आला. वाटलं, हिला काय कळतंय माझ्या नोकरीतलं. लगेच अंगावर काटा आला, कारण हे वाक्य सरांचं होतं. माझ्या डोक्यात बसून ते माझ्याच आईबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजबाहेर शेअर रिक्षाच्या लायनीत सुवर्णा भेटली. माझ्या वर्गातली, बदलापूरजवळच्या चामटोलीची. हुशार पोरगी, पण वर्गात तोंड उघडत नाही. चप्पल घासत माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक बोलू? राग नका मानू."

"बोल की."

"त्या दिवशी हसले ना, त्यात मी पण होते."

मी तिच्याकडे वळले.

"आमच्याकडे पण विहारात वाचन असतं. मीच वाचते. तुम्ही सांगायला लागलात तेव्हा मला इतकं भारी वाटलं. मग सर बोलले आणि सगळे हसले. मला वाटलं, मी नाही हसले तर सगळ्यांना कळेल, मी पण त्यातलीच." तिने मान वर केली. "पण मॅडम, तुम्ही 'हो सर' का म्हणालात?"

रिक्षा आली, भरली, गेली. आम्ही दोघी तशाच उभ्या. मी जूनच्या भीतीने एक शब्द उच्चारला होता आणि या पोरीने तो धडा म्हणून घेतला होता. सात वर्षं मी वर्गात काय काय शिकवलं, कोण जाणे. हे मात्र तिने पक्कं लक्षात ठेवलं होतं.

"चुकले मी," मी म्हणाले. "उद्या तासाला ये. पहिल्या बाकावर बस."

तशीच वळले आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथले सिंधी काका आमचे सगळ्यांचे ओळखीचे. मी ती सगळी पानं त्यांच्यापुढे ठेवली. चाळीस-चाळीस प्रती. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, ये लाल-लाल किसने किया? पूरा पेज बिगाड़ दिया. सादा वाला नहीं है क्या?"

"हेच पाहिजे, काका. काट पण दिसली पाहिजे, सही पण."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनवरून गेले. दार उघडं होतं. थांबले नाही. घाबरले होते, ते खोटं कशाला बोलू? आई गेटात बसली तेव्हा तीही घाबरली असेल का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

वर्गात प्रती वाटल्या. म्हटलं, "आज मी शिकवणार नाही. आज वाचायचं. एक थकला की दुसरा. काट मारलेल्या ओळी आधी, आणि मोठ्याने."

कुणी हलेना. मग पहिल्या बाकावरून सुवर्णा उठली. तिने नेमक्या त्या चार ओळी काढल्या, विहाराच्या. पहिली ओळ कशीबशी वाचली. दुसरीला आवाज लागला, आणि मी ओळखलं, ही वर्गातली सुवर्णा नाही. ही रोज संध्याकाळी पन्नास माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचणारी पोरगी आहे. ती बसली तसा तिच्यामागचा उठला. मग त्याच्या शेजारची. खिळे जुळवणारे हात, बांबूवरची लिपी, लांबच्या राजांच्या गोष्टी, एकेक ओळ काटेखालून बाहेर येत होती. परवानग्यांच्या पानाचा परिच्छेद आला, आणि वाचणाऱ्या मुलाने शेवटी खालचा शब्दही वाचला. "तपासले." सगळ्या माना खालच्या सहीवर वाकल्या. पोरांना कळलं होतं. मला एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही.

सर दारात उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. या वेळी पुढच्या दारात.

"सही कुठेय?"

"घेतली नाही, सर."

"मग हा तास धरला जाणार नाही."

"नका धरू."

"मॅडम, जून लांब नाहीये."

"माहितेय मला." मग वर्गाकडे वळले. "पुढचं कोण वाचतंय?"

तीन हात वर आले. सर निघून गेले. मी खुर्चीवर बसले आणि ऐकू लागले.

जून आला. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला. "शिस्तीबद्दल तुमचं मत काय?" मी म्हणाले, "सगळ्यांना सारखी असावी." यादी लागली. माझं नाव नव्हतं. सात वर्षांनी पहिल्यांदा.

रडले. उगाच शूरपणा कशाला दाखवू? दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. आई म्हणाली नाही की सगळं ठीक होईल. ती असलं काही म्हणत नाही. तिने ताट पुढे केलं आणि विचारलं, "आता काय करनार?"

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. एकच माहिती मागितलीय: गेल्या सात वर्षांत विभागातल्या कोणाकोणाच्या नोट्स वर्गाआधी तपासल्या गेल्या, आणि कोणत्या नियमाखाली? नावासकट द्या. सोबत पुरावा म्हणून ते परवानग्यांचं पान जोडलंय. तक्रारीचा दुसरा अर्ज विद्यापीठात दिलाय. सुवर्णाने त्यावर साक्षीदार म्हणून सही केलीय. मी तिला बजावलं होतं, तुझी परीक्षा अजून बाकी आहे. ती म्हणाली, "माहितेय मला, मॅडम."

उत्तर यायचंय. येईल, नाहीतर मी अपिलात जाईन, आणि तिथेही नाही मिळालं तर त्याच्या वर. पुढच्या जूनमध्ये मी त्याच कॉलेजात, त्याच टेबलासमोर पुन्हा बसणार आहे. ते "बसा" म्हणोत न म्हणोत, खुर्ची ओढून बसणार आहे. विचारतील, काय शिकवणार? तेच पान त्यांच्यापुढे ठेवीन. विहाराच्या चार ओळींपासून सुरुवात करीन, म्हणून सांगेन. आणि लाल पेन बाहेर निघालं, तर या वेळी त्यांचा हात मी धरणार आहे.